२८ एप्रिल जवळ आलाय: कामावर गेलेल्या माणसांची आठवण ठेवायची तरी कुठे?

फिटरबाबा | ७ एप्रिल, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो, पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी +१ देतो. आज जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची एमआयडीसी कोकणात. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. सोळा-सतरा वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, ईटीपीची (सांडपाणी प्रक्रियेची) टाकी साफ करायला ठेकेदाराचा एक पोरगा शिडीवरून उतरला. खाली पाय टेकले आणि बसलाच. आम्हाला वाटलं चक्कर आली. त्याला काढायला दुसरा उतरला. दुसऱ्याला काढायला आमचा बाळादादा, माझा चुलतभाऊ. मी दोरी आणायला स्टोअरकडे पळालो. स्टोअरवाला मटेरियल स्लिप मागत होता. दोरी घेऊन परत आलो तेव्हा तिघंही तळाशी होते आणि वर उभ्या असलेल्यांपैकी कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पुढे वहिनीला हिशेबाचा कागद आला, त्यात त्या तारखेपुढे 'हाफ डे' लिहिलेलं. घटना साडेअकराची ना, म्हणून.

दरवर्षी ४ मार्चला आमच्याकडे सुरक्षा दिन होतो. हात पुढे करून शपथ, घोषवाक्य स्पर्धा, वडापाव. त्या माइकवरून या तिघांचं नाव आजवर कोणी घेतलेलं नाही. कागदोपत्री ती टाकी क्रमांक चार. कामगारांत मात्र ती 'तिघांची टाकी'. आता झारखंडहून आलेली पोरं विचारतात, "तीन टाकी किधर है?" त्यांना वाटतं टाक्या तीन आहेत.

२८ एप्रिल हा कामावर मेलेल्या कामगारांचा स्मृतिदिन म्हणून बऱ्याच देशांत पाळतात. कॅनडातल्या एका कामगार संघटनेने १९८४ मध्ये सुरू केला. २००३ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही त्याच तारखेला सुरक्षा दिन पाळते. यंदा मी एचआरकडे गेलो आणि म्हटलं, गेटवर तिघांच्या नावाची छोटी पाटी लावू द्या, खर्च आमचा. उत्तर आलं, "निगेटिव्ह मेसेज जातो."

तर प्रश्न असा: तुमच्याकडे कुठे अशी आठवण ठेवलेली पाहिलीत का? आणि नुसतं हार-फूल न होता त्यातून काही पुढे सरकावं, असं काय करता येईल?

---

शेवंती | ७ एप्रिल, रात्री ११.१५

'हाफ डे' वाचून पुढचं वाचवेना. वहिनींना नमस्कार सांगा.

---

कोकणकडा | ८ एप्रिल, सकाळी ७.३०

पाटी गेटच्या आत कशाला? गेटसमोरचा रस्ता काही कंपनीचा नाही. ग्रामपंचायतीला अर्ज द्या, एसटी थांब्याच्या शेडला नावं लावा. रोज तिन्ही पाळ्यांचे लोक तिथेच तर उभे असतात.

---

भायखळा_पूर्व | ८ एप्रिल, सकाळी ९.०५

फिटरबाबा, आपल्याकडे अशी एक आठवण अगदी रीतसर ठेवलेली आहे. लोकांना ती कामगारांची वाटत नाही, एवढंच.

१४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. तो कशामुळे? १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं, एकाच जहाजात. दुपारी कापूस धुमसायला लागला, अग्निशमन दलाचे लोक चढले, पाणी मारत राहिले. चारनंतर जहाज उडालं, अर्ध्या तासाने परत एकदा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, दर वर्षी सलामी होते. माझे आजोबा दलात होते (त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते, म्हणून मी हे लिहितोय), त्यामुळे लहानपणी आम्ही १४ एप्रिलला आधी तिथे जायचो, मग चैत्यभूमीला.

आता खरी गोम. ६६ हा आकडा पक्का, कारण दलाचा हजेरीपट होता. पण गोदीत गाठी उचलणारे, बैलगाड्या हाकणारे, रोजंदारीचे हमाल? मृतांचा अधिकृत आकडा सात-आठशेच्या घरातला सांगतात, आणि तो कमीच असणार असं सगळेच म्हणतात. रोजंदारीवाल्याचं नाव कुठल्या वहीत होतं? ठेकेदाराच्या डोक्यात. तो ठेकेदारही त्या दिवशी गोदीतच असेल तर संपलं.

म्हणून म्हणतो, स्मारक नंतर. आधी वही.

---

चावट_चातक | ८ एप्रिल, सकाळी ९.४०

त्याच जहाजात सोनं पण होतं ना? विटा उडून लोकांच्या घरात पडल्या म्हणे.

---

भायखळा_पूर्व | ८ एप्रिल, सकाळी ९.५५

होतं. एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून वीट पडली, ती त्यांनी परत केली. गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत होत्या. विटांचा हिशेब लागला हो बराचसा.

---

टोरंटोकर | ८ एप्रिल, संध्याकाळी ६.२०

इथे २८ एप्रिलला झेंडे अर्ध्यावर असतात. मी नवीन होतो तेव्हा वाटलं कुणी पंतप्रधान वगैरे गेला.

पण तुम्ही 'कुठे पाहिलीत' विचारलंत म्हणून सांगतो. टोरंटोत यॉर्क मिल्स नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. तिथे भिंतीवर एक प्रचंड गोधडी लावलेली आहे. खरीखुरी गोधडी, तुकडे जोडून शिवलेली. १७ मार्च १९६० ला त्याच भागात, हॉग्ज हॉलोत, नदीखाली पाण्याच्या पाइपसाठी बोगदा खणत होते. आत आग लागली, धूर कोंडला. पाच जण मेले, पाचही इटलीहून आलेले तरुण, इंग्रजी धड न येणारे. त्यावरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं, चौकशी आयोग बसला आणि ऑन्टारियोचे सुरक्षेचे जुनाट कायदे बदलावे लागले. गोधडी मात्र लागली २०१० मध्ये, पन्नास वर्षांनी.

माझ्या आईला इथे आली तेव्हा दाखवायला नेलं. ती दहा मिनिटं टाके बघत राहिली. मग म्हणाली, "हे बरंय. दगडाला कोणी हात लावत नाही, हिला लावावासा वाटतो."

---

शेवंती | ८ एप्रिल, संध्याकाळी ६.४५

आईंना दंडवत.

---

सिमेंटविटा | ८ एप्रिल, रात्री ९.३०

सगळं भावनिक चाललंय म्हणून जरा कडू लिहितो. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

मी लहान बांधकाम ठेकेदार आहे, पंधरा-वीस माणसं. हेल्मेट देतो, बूट देतो, बेल्ट देतो. तासाभराने बघावं तर हेल्मेटात वाळू भरून नेतायत नाहीतर त्यावर बसून तंबाखू मळतायत. बेल्ट लावा म्हटलं की "काम होत नाही शेठ". उद्या कोणी पडला की गुन्हा माझ्यावर. मेलेल्याची आठवण ठेवा, पण जिवंतपणी तो काय करत होता तेही बघा. दर वेळी मालकच राक्षस?

---

चावट_चातक | ८ एप्रिल, रात्री ९.३८

हेल्मेटात वाळू नेतात कारण घमेली कमी दिली असतील. 🙂

---

सेफ्टीवाला_निवृत्त | ८ एप्रिल, रात्री १०.५५

सिमेंटविटा, राग मानू नका. बत्तीस वर्षं सेफ्टीत काढली आहेत म्हणून विचारतो. बेल्ट दिलात, ठीक. त्याचा हूक अडकवायचा कुठे?

मी साइटवर गेलो की हाच एक प्रश्न विचारायचो. माणूस परांचीवर उभा, कमरेला बेल्ट, आणि हूक स्वतःच्याच पँटच्या लुप्पीत अडकवलेला. वर लाइफलाइन ओढलेलीच नसते. परांचीच्या बांबूला अडकवायचा तर परांची कोसळली की बेल्टसकट खाली. म्हणजे आपण त्याला कमरेला बांधायला एक ओझं दिलं. तो काढून ठेवतो यात नवल काय? आणि नुसता कमरेचा पट्टा असेल तर तो आजच भंगारात घाला. पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. कमरेच्या पट्ट्यावर लटकलेल्या माणसाचं पोट आणि पाठ दोन्ही जातं.

"कामगार ऐकत नाही" हे अपघाताच्या दर दुसऱ्या अहवालात मी वाचलंय, आणि सांगायला लाज वाटते, सुरुवातीची काही वर्षं लिहिलंयही. प्रेस शॉपमध्ये बोट तुटलं की लिहायचं 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून. पोरं एका बटणात लाकडाची पाचर मारून एका हाताने चालवतात. का? तासाचं टार्गेट दोन हातांनी पुरं होत नाही. पाचर कोण मारतं ते सुपरवायझरला माहीत असतं. ऑडिटच्या दिवशी ती निघते, संध्याकाळी परत बसते.

फिटरबाबा, गेटवरचा 'अपघातविरहित दिवस' लिहिलेला बोर्ड तुमच्याकडेही असेल. त्याची एक गंमत सांगतो. एका ठिकाणी आकडा नऊशेच्या पुढे गेला होता, हजाराला सगळ्यांना मिठाई आणि टी-शर्ट मिळणार होता. तेवढ्यात एकाचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी त्याला प्लास्टरसकट जीपमधून आणून ऑफिसात खुर्चीवर बसवला, हजेरी लावली. कामाचा दिवस बुडाला नाही, म्हणून अपघात मोजला नाही. हजारावा दिवस साजरा झाला. टी-शर्ट माझ्याकडे अजून आहे, गाडी पुसायला वापरतो.

तुमच्या मूळ प्रश्नावर: पाटी गेटवर नको, टाकीच्या तोंडावर हवी. गेटवरची पाटी पाहुण्यांसाठी. टाकीवरची, उतरणाऱ्यासाठी.

---

सिमेंटविटा | ८ एप्रिल, रात्री ११.२०

लाइफलाइन नाही ओढत. खरं आहे. उद्या बघतो काय करता येतं ते.

(घमेली पुरेशी आहेत.)

---

पोल_चढणारा | ९ एप्रिल, पहाटे ५.५०

रात्रपाळी संपवून लिहितोय. मी विजेच्या लाइनवर आहे, कंत्राटी. ४ मार्चला आता आमचा लाइनमन दिवसही असतो. गुलाबाचं फूल मिळतं. हातमोजे मिळाले ते मात्र एवढे जाड की नट धरता येत नाही.

आमच्यात माणूस जातो तो बहुतेक 'बंद' लाइनवर. परमिट घ्यायचं असतं, लाइन बंद करून दोन्ही बाजूला अर्थिंग करायचं असतं. प्रत्यक्षात फोनवर विचारतो, "बंद केली का?" तो म्हणतो "केली", की चढायचं. त्याने दुसराच फीडर बंद केलेला असतो. नाहीतर खाली कुणाच्या मंगल कार्यालयात जनरेटर सुरू होतो आणि चेंजओव्हर (जनरेटर लावताना लाइन तोडणारा स्विच) नसल्यामुळे करंट उलटा लाइनवर येतो. आम्हाला फोन मात्र धडाधड येतात, "अजून किती वेळ, मॅच चालू आहे."

माझ्या जुन्या वायरमनकाकांनी शिकवलं ते करतो. डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) डीओच्या, म्हणजे फ्यूजच्या, तिन्ही नळ्या काढायच्या आणि पिशवीत घालून ती पिशवी घेऊनच पोलवर चढायचं. खाली ठेवायची नाही, कुणाकडे द्यायची नाही, साहेबाकडेसुद्धा. काका म्हणायचे, "ज्याचा जीव, त्याच्याकडे किल्ली." काका पेन्शनीत गेले, सुखरूप. त्यांच्या जोडीचे दोघं नाही गेले.

---

सेफ्टीवाला_निवृत्त | ९ एप्रिल, सकाळी ८.१०

कारखान्यांत यालाच लॉकआउट-टॅगआउट म्हणतात आणि शिकवायला हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवतात. काकांनी एका पिशवीत शिकवलं.

---

वकिलीणबाई | ९ एप्रिल, दुपारी १.३०

भावनेच्या जोडीला थोडं कागदाचं लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या उशिरा येतात. तोवर ठेकेदाराने लाखभर रुपये हातावर ठेवून अंगठा घेतलेला असतो.

नुकसानभरपाई ही कोणाची मेहेरबानी नाही. १९२३ पासून कायद्यात आहे. हिशेब सोपा: महिन्याच्या पगाराचे निम्मे, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. मोजण्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साधारण १५ लाख ६० हजार. चाळिशीच्या माणसाचा १८४.१७. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय दंड वेगळा. चूक कामगाराची होती असं म्हणून मृत्यूच्या प्रकरणात मालकाला हात झटकता येत नाहीत. ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर हे नाही, तिथे वारसांना पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत दरमहा मिळतं.

गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये गेलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली एक गोष्ट इथे कामाची: सुरक्षेचे नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर किमान ५ लाख दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्या दंडाचा किमान निम्मा भाग वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. दुसरी गोष्ट, प्रत्येकाला नेमणूकपत्र. भायखळा_पूर्व म्हणतात ती 'वही' हीच. माझ्या दहातल्या सात केसेसमध्ये पहिलं वर्ष "हा माणूस आमच्याकडे कामाला होताच" हे सिद्ध करण्यात जातं. डबा नेणाऱ्या पोराची साक्ष काढलीय मी.

फिटरबाबा, 'हाफ डे'चा कागद वहिनींनी जपून ठेवला असेल तर ठेवू दे. तो माणूस त्या दिवशी कामावर होता, याचा तो पुरावा होता.

---

चावट_चातक | ९ एप्रिल, दुपारी २.०५

एक आठवलं म्हणून. आमच्या इथे घोषवाक्य स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, प्रेशर कुकर. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह होता. आमच्या प्लँटच्या एका व्हेसलचा मात्र गळत होता म्हणून काढून ब्लाइंड मारलेलं, म्हणजे तोंडच झाकण लावून बंद. बायकोला म्हटलं, ऑफिसपेक्षा स्वयंपाकघर बरं.

घोषवाक्य विचारू नका. 'सुरक्षा' आणि 'परीक्षा'चं यमक होतं.

---

कोकणकडा | ९ एप्रिल, दुपारी २.३०

बांधकाम कामगार मंडळाचंही तसंच. आमच्या गवंड्याला भांड्यांचा संच मिळाला, डबे, कढई, परात सगळं. घरात आनंद. हा मात्र अजून अनवाणीच स्लॅबवर चढतो. भांडी देऊ नका असं नाही, पण बूट आधी की परात आधी?

---

आडवा_प्रश्न | ९ एप्रिल, रात्री ८.००

पाट्या, गोधड्या, दिवस... यातून एक तरी माणूस वाचला का? आपल्याकडे दिवसांची कमी आहे का? खंडेनवमीला मशीनला हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो, गार्ड मात्र भंगारात पडलेलं. तुमचा २८ एप्रिल ही आणखी एक खंडेनवमी होईल.

---

टोरंटोकर | ९ एप्रिल, रात्री ९.१०

रास्त शंका आहे. वाचलेला माणूस मोजता येत नाही हीच पंचाईत.

तरी ब्रिटनचा आकडा बघा. १९७४ मध्ये तिथे सुरक्षेचा सर्वंकष कायदा झाला, त्या वर्षी कामावर ६५१ जण गेले. २०२३-२४ मध्ये १३८. सगळं श्रेय कायद्याला देऊ नका, मधल्या काळात खाणी आणि जड कारखाने बंद पडले. पण तेवढ्यानेच झालं असंही नाही. बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या, तरी सकाळी आत पाठवलं. त्यानंतर ब्रँड आणि संघटनांचा बंधनकारक करार झाला, इमारती तपासल्या गेल्या. नुसत्या हळहळीने तो झाला नाही, आणि हळहळ नसती तर झालाच नसता.

---

आडवा_प्रश्न | ९ एप्रिल, रात्री ९.२५

ठीक. निम्मा सहमत.

---

इंद्रायणीकाठ | १० एप्रिल, सकाळी ११.४०

मी पुण्याकडच्या तळवड्याच्या जवळ राहते. ८ डिसेंबर २०२३ ला दुपारी धूर दिसला होता. वाढदिवसाच्या केकवर लावतात ना, ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती, ती तिथे एका शेडमध्ये भरत होते. गेल्या त्या बहुतेक बायकाच. जून २०२१ मध्ये पिरंगुटजवळच्या आगीतही बहुतेक बायकाच. हातांनी पटपट भरायचं, बसून करायचं, कमी पैशाचं काम म्हटलं की बायका.

आमच्या घरी धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींची जाऊ तिथे जायची. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून गेली नाही. मावशी सांगत होत्या, ती पुढचे कित्येक दिवस घराबाहेर पडली नाही, शेजारणींना तोंड कसं दाखवू म्हणत. जणू वाचली हाच तिचा गुन्हा.

त्यानंतर सोसायटीत कुणाचाही वाढदिवस असला की मी ती मेणबत्ती लावू देत नाही. पहिल्यांदा पोरांचे चेहरे पडले. मग मी त्यांना कारण सांगितलं, सोप्या शब्दांत. आता नवीन मूल आलं की जुनी पोरंच त्याला सांगतात. फिटरबाबा, माझ्यापुरती आठवण ही अशी आहे, पाटी वगैरे नाही.

---

शेवंती | १० एप्रिल, दुपारी १२.१०

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही बंद करते.

---

भायखळा_पूर्व | १० एप्रिल, रात्री १०.००

मागे १४ एप्रिल आणि चैत्यभूमीचं लिहिलं त्यावरून आठवलं. गोदीचा स्फोट झाला त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं होतं बाबासाहेबांकडे, १९४२ ते ४६. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः खाली उतरले होते. जयंतीच्या भाषणांत हा भाग फारसा येत नाही. आमच्या युनियनचे एक म्हातारे कॉम्रेड दर वर्षी मंडपात हाच एक मुद्दा बोलायला उभे राहतात आणि डीजेवाला त्यांचा आवाज खातो.

अजून मागे जायचं तर नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना, आणि सहा वर्षांच्या भांडणानंतर १० जून १८९० ला रविवारची सुट्टी.

---

चावट_चातक | १० एप्रिल, रात्री १०.१५

रविवारी मटण खाताना लोखंड्यांचं नाव घ्यायला हवं. मी घेणार.

---

नियामक | १० एप्रिल, रात्री १०.३०

मटणाचा धागा वेगळा आहे. मूळ विषयाकडे या.

---

सेफ्टीवाला_निवृत्त | ११ एप्रिल, सकाळी ७.००

येतो. टाकीबद्दल एक राहिलं होतं, ते सगळ्यांनी वाचा, कारण विहिरी, सेप्टिक टँक आणि गोबरगॅसचे खड्डे गावोगाव आहेत.

गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. लोकांना वाटतं गॅस गेला, आणि उतरतात. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत मांजर काढायला एक जण शेणाच्या विहिरीत उतरला, त्याच्यामागे एकेक करत बाकीचे उतरले, एकूण पाच जण मेले. पाडव्याचा दिवस होता. बाळादादांचंही तेच झालं. या असल्या जागी वाचवायला गेलेलेच जास्त मरतात. ज्यांचं काळीज मोठं, ते आधी. म्हणून नियम एकच: खाली माणूस दिसला तरी उतरायचं नाही. आधी हवा सोडा, गॅस मोजायचा मीटर सोडा, दोरी वरच्या तिवईला बांधलेली हवी. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस आधीपासून असेल तरच त्याला वर ओढता येतं.

आणि दोरी टाकीपाशीच हवी. मटेरियल स्लिपशिवाय.

---

फिटरबाबा | १९ एप्रिल, रात्री ११.००

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून वहिनीला वाचून दाखवले. (मटणाचाही. हसली.)

ती पाटीबद्दल काहीच बोलली नाही. सेफ्टीवाल्या काकांचा शेवटचा प्रतिसाद परत वाचायला लावला आणि विचारलं, "तो मीटर केवढ्याला मिळतो?" म्हटलं, बरा घ्यायचा तर चांगल्या मोबाईलएवढा. म्हणाली, "मग पाटीचे पैसे त्यात घाला. गावात सेप्टिक टँक उपसायला गाडी येते ती पोरं तशीच उतरतात, मी रोज बघते."

'हाफ डे'चा कागद तिच्याकडे आहे. ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली.

---

फिटरबाबा | २९ एप्रिल, रात्री ९.४५

काल झालं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात. कंपनीकडून अधिकृत कोणी नव्हतं, पण सेकंड शिफ्टची अकरा पोरं गेटपास काढून आली, त्यात झारखंडची चार. पहिला उतरला होता तो पोरगा विदर्भातला, त्याच्या घरचा पत्ता कुणाकडेच नव्हता. ठेकेदारही मेलाय. त्याचं नाव आम्ही घेतलं, आडनाव माहीत नाही. दुसऱ्याचा मुलगा आला होता. बापाच्या वेळी तीन वर्षांचा होता, आता आयटीआयला आहे, फिटर ट्रेड.

वहिनी भाषण करणार नव्हती. माइक धरला आणि म्हणाली, "अकरा वाजता त्यांनी फोन केला होता, भाकरी आणायला सांगितली होती. मी आणली होती." आणि बसली.

मग मीटर ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिला. कोणीही टाकी उपसायची असेल तर फुकट न्यायचा, वहीत नाव, गाव आणि आडनाव लिहून. सिमेंटविटा तालुका ओलांडून आले होते, सोबत शंभर फूट दोरी आणि दोन हार्नेस. कुणाला काही बोलले नाहीत, टेबलावर ठेवले.

कंपनीतल्या टाकीचं: पोरांनीच झाकणावर पेंटने '३' काढलाय. सुपरवायझरने विचारलं तर म्हणाले, टाकीचा नंबर आहे साहेब. नंबर चार आहे, पण त्याने पुसायला लावला नाही.

---

पोल_चढणारा | २९ एप्रिल, रात्री १०.०५

तिथल्या खांबावर काम निघालं तर मी येईन.

---

सेफ्टीवाला_निवृत्त | ३० एप्रिल, सकाळी ६.५०

छान. आता मीटरचं बघा. दर वेळी वापरण्याआधी टेस्ट गॅसवर तपासायचा, आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उतरणाऱ्याच्या खिशात ठेवून पाठवू नका. आधी दोरीला बांधून एकटा खाली सोडा, वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी थांबून आकडा बघा. चार्जर कुणाकडे आहे?

---

फिटरबाबा | ३० एप्रिल, सकाळी ७.१५

वहिनीकडे.